सावलीतली ठेव

सकाळचे सात चाळीस झाले होते. तिकीटखिडकीसमोरच्या मोकळ्या जागेत सहलीची बस उभी होती आणि बसच्या मधल्या वाटेत गाइड डोकी मोजत होती. तिच्या हातात हातभर लांब दांड्याची पळी होती, दांड्याला लाल फीत बांधलेली. प्रत्येक डोक्यासरशी पळी जरा पुढे सरकत होती.

“सत्तावीस,” तिनं ड्रायव्हरला सांगितलं.

“अठ्ठावीस. मला धर की,” ड्रायव्हर म्हणाले.

“तुम्हाला कशाला धरू, मामा? तुम्ही हरवलात तर बसच हरवली.”

हा विनोद दोघं रोज करतात. गेल्या पंधरवड्यातही त्यात खंड पडला नव्हता. फरक एवढाच, की विनोद करून झाल्यावर मामा हल्ली आरशातून तिच्याकडे बघायचे.

तिला इथे सगळे पळीताई म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास, चपला जाड तळाच्या, आवाज कोरडा पण लांबवर जाणारा. बाकीचे गाइड छत्री किंवा झेंडा उंच धरतात. तिनंही सुरुवात छत्रीनंच केली होती. एका वादळी दिवशी ती मोडली आणि दुसऱ्या दिवशी निघायच्या घाईत तिनं स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून आईची पळी उचलली. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. शे-दीडशे मुलींच्या पातेल्यात बुडणारी पळी, ती काही लहानसहान नव्हती. गर्दीत ती छत्रीपेक्षा लांबून दिसली, शिवाय पर्यटक हसले. हसणारे पर्यटक मागे रेंगाळत नाहीत, असा अनुभव आल्यावर तिनं पळी कायमची ठेवून घेतली. आईला ते पटलं नव्हतं. “जगाला माझी पळी दाखवत फिरतेस,” ती म्हणायची, “घरात तिच्यानं कधी कुणाला वाढलंयस का?”

ती आई पंधरा दिवसांपासून दवाखान्यात होती. न्हाणीघरात पडली, मेंदूत रक्तस्राव झाला, त्यानंतर शुद्धीवर आलीच नाही. श्वास मशीन देत होतं. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी पळीताईला आणि तिच्या धाकट्या भावाला जिन्याखालच्या लहान खोलीत बसवून सांगितलं होतं, की मेंदूकडून काहीच प्रतिसाद नाही आणि आता येईल असं त्यांना वाटत नाही. मशीन ठेवायचं की काढायचं, हे दोघा भावंडांनी मिळून ठरवायचं. एकाच्या शब्दावर ते काही करणार नव्हते. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, असं म्हणून ते उठले.

भाऊ तिथल्या तिथे म्हणाला, “काढा.” म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

पळीताई म्हणाली, “बघू.”

ती उद्याची संध्याकाळ म्हणजे आजची संध्याकाळ.

मायलेकी चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. लग्न फार वर्षांपूर्वी मोडल्यावर पळीताई आईकडे परत आली ती तिथलीच झाली. आईची कॉट खिडकीशी आहे. पहिल्या दिवशी न्हाणीघरातून आणून तिला तिथे निजवलं आणि मग घाईत उचलून नेलं, तेव्हा चादर जशी अर्धी खाली ओढली गेली होती, ती तशीच आहे. पळीताईनं ती नीटही केली नाही आणि काढलीही नाही. रोज संध्याकाळी ती दवाखान्यात जायची, काचेतून मशीनवरचे आकडे बघायची, घरी येऊन एक कप विसळायची आणि झोपायची. झोप लागायची. शेजारपाजारचे विचारायचे तेव्हा ती अवशेषांची माहिती देते तशीच माहिती द्यायची: आधी काळ, मग घटना, मग सध्याची अवस्था. एका शेजारणीनं मागून म्हटलं, “बाई दगडाची आहे.” ते जिन्यात ऐकू आलं होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. काही वाटत नाही याचंही नाही.

मामांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. ती आपणहून काही मागत नव्हती. चहा हातात दिला तर प्यायची, डबा उघडून पुढे ठेवला तर जेवायची. नाही दिलं तर तशीच बसायची.

“सुट्टी घे ना चार दिवस,” ते म्हणाले होते.

“घेऊन काय करू? आकडे बघत बसू?”

त्या दिवशीची मंडळी सुट्टीवर आलेली, निरनिराळ्या घरांतली होती. पुढच्या बाकावर निवृत्त मास्तर, गळ्यात दुर्बीण. मागे एक नवं जोडपं, ज्यांना अवशेषांत काडीचा रस नव्हता. आणि मधे एक कुटुंब: मुलगा, सून आणि मुलाची आई. आजी ऐंशीच्या घरातल्या, पायात बुटांसारख्या चपला, डोक्यावर सुनेनं हनुवटीखाली बांधलेली टोपी. नवराबायकोचं सकाळीच काहीतरी बिनसलेलं होतं आणि ते सगळ्या बसला ऐकू जात होतं.

“मी म्हणत होतो, आईला लॉजवर राहू दे.”

“हो, म्हणजे नंतर सगळ्यांना सांगायला मोकळे, सुनेनं खोलीत कोंडलं.”

“कोण सांगतंय?”

“तुमच्या बहिणी. आणखी कोण?”

“मी लॉजवर मजेत बसले असते गं,” आजी म्हणाल्या. त्याकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. सून पुढच्या बाकावर जाऊन बसली, मुलगा मागे गेला.

फाटकातून आत गेलं की दगडी फरसबंदीचा बाजाररस्ता लागतो. दोन्ही बाजूंना दुकानांची कमरेएवढी उरलेली जोती. पुढे स्नानगृह, मग सार्वजनिक शौचालय, मग धान्याचं कोठार, आणि कोठारामागून वर टेकडीवरच्या बालेकिल्ल्याकडे जाणारा चढ. पळीताईला हे सगळं तोंडपाठ आहे. कुठे थांबायचं, कुठे सावली आहे, कुठला विनोद कुठल्या दगडापाशी करायचा, हेही. शौचालयातल्या दगडी बैठकांच्या रांगेपाशी ती म्हणाली, “इथे गावातले पुरुष सकाळी रांगेत बसायचे. वर्तमानपत्र निघायच्या आधीची ही सोय. बातम्या ताज्या मिळायच्या, वास मात्र यायचा.” लोक हसले. नव्या जोडप्यानं तिथे फोटो काढला.

कोठारापाशी मास्तरांनी हात वर केला. “बाई, कोठार किती जुनं म्हणालात?”

तिनं पुन्हा सांगितलं.

“चूक. दोनशे वर्षं इकडेतिकडे करताय तुम्ही. माझ्याकडे पुस्तक आहे.”

“असेल, सर. तुमचं पुस्तक नवं असणार,” ती म्हणाली. “यापुढे दोनशे वर्षं वाढवून सांगते.”

मास्तर इतके खूश झाले, की पुढचा सगळा वेळ ते तिच्या बाजूनं बोलत राहिले.

आजींना मात्र चढ झेपणार नव्हता. कोठाराच्या दारातच त्या थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, “हे असलं आता पुढच्या जन्मी.”

अशा माणसांसाठी इथल्या गाइडांची एक पद्धत आहे. ज्याला चढवत नाही त्याला कोठारात बसवायचं. भिंती पुरुषभर जाड, आत भर उन्हाळ्यात गारवा, भिंतीतून निघालेला रुंद ओटा. परतताना त्याच वाटेनं यायचं आणि त्याला बरोबर घ्यायचं. याला गाइड लोक ‘ठेव’ म्हणतात. आज माझी एक ठेव आहे, आज दोन आहेत, असं. आणि ठेव विसरू नये म्हणून तिच्याजवळ आपली पाण्याची बाटली ठेवून जायचं. ही युक्ती पळीताईला एका म्हाताऱ्या गाइडानं शिकवली होती. त्याच्या मिशांमुळे त्याला कर्नल म्हणत. “डोक्यावर भरवसा ठेवू नकोस,” कर्नलनं सांगितलं होतं, “घशावर ठेव. वर जाऊन तासभर बोललीस की घसा कोरडा पडणार, बाटली आठवणार, बाटलीबरोबर माणूस आठवणार.” कर्नलनं चाळीस वर्षांत एकही ठेव विसरली नाही. पळीताईनंही नाही.

तिनं खांद्यावरची बाटली काढून आजींच्या शेजारी ठेवली. “आजी, इथे बसा. मी येतेय. लागलं तर यातलं प्या.”

“तुम्हाला?”

“मला चालतं.”

सुनेनं आजींच्या टोपीची गाठ पुन्हा घट्ट केली, दोन वेळा विचारलं, “गोळी घेतलीत ना?” मुलानं लांबूनच हात हलवला. मंडळी वर निघाली. चढाच्या पहिल्या वळणावर पळीताईनं पुन्हा डोकी मोजली. सव्वीस. ठेव असली की पुढचा हिशेब एकानं कमी.

वर बालेकिल्ल्यात उरलंय थोडं. एक कमान, दोन बुरुजांचे बुंधे आणि वारा. तिथून सगळं खालचं गाव पायाखाली दिसतं, पलीकडे नवं शहर दिसतं, आणि नजर असली तर नव्या शहरातली दवाखान्याची उंच पांढरी इमारतही. मास्तर दुर्बिणीतून एकेक ठिकाण पाठ केल्यासारखं सगळ्यांना दाखवत होते. “ते स्टेडियम. ते स्टेशन. तो दवाखाना. बघायचंय कुणाला?”

पळीताईनं बघितलं नाही. ती राजाच्या सात दारांची गोष्ट सांगत होती, तेव्हा कमरेच्या पिशवीतला फोन थरथरला. गोष्ट पुरी करून ती कमानीच्या आडोशाला गेली. भावाचाच फोन होता. तो फ्रिज दुरुस्तीचं काम करतो, पण पंधरा दिवस त्यानं दुकानाची कडी काढली नव्हती.

“ताई, डॉक्टर येऊन गेले. तेच म्हणतायत.”

“हं.”

“हं काय? काय सांगू त्यांना?”

“संध्याकाळी येते ना मी.”

“संध्याकाळी येऊन काय म्हणणारेस? बघू? ताई, तू हो म्हण नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालीस तरी माझी हरकत नाही, मी बसेन इथे वर्षभर. पण ते बघू म्हणू नकोस. बघू म्हटलं की मला रात्रभर तिथे बसून वाटतं, मीच एकटा तिला मारायला निघालोय.”

तिनं कमानीबाहेर बघितलं. मंडळी उन्हात उभी होती.

“तू हजारो वर्षांपूर्वी मेलेल्यांबद्दल दिवसभर बोलतेस,” भाऊ म्हणाला, “आईबद्दल एक शब्द बोलवत नाही तुला?”

“लोक उभे आहेत,” ती म्हणाली. “ठेवते.”

ती परत आली तेव्हा ऊन चढलेलं होतं. जोडप्यातली मुलगी म्हणाली, बसपाशी चहा मिळेल का. कुणीतरी विचारलं, खाली जायला जवळची वाट नाही का. जवळची वाट आहे. बालेकिल्ल्यामागून एक नवा सिमेंटचा जिना उतरतो, तो थेट बस उभ्या असतात तिथे. ठेव नसेल तेव्हा गाइड तिकडूनच उतरतात. पळीताईनं पळी उंच धरली आणि म्हणाली, “इकडून या.”

तासभर बोलून झालं होतं. वर पाणी नव्हतं, बाकी सगळे आपापल्या बाटल्या तोंडाला लावत होते. तिला तहान लागली नव्हती. पंधरा दिवसांत तिला एकदाही तहान लागली नव्हती.

बसमध्ये तिनं मोजलं. “सव्वीस,” ती म्हणाली.

“सत्तावीस. मला धर की,” मामा म्हणाले.

“तुम्हाला कशाला धरू, मामा?”

सत्तावीस हा आकडा सकाळपासून दोघांच्याही कानात बसलेला होता. तो आला, कानाला बरा वाटला. मामांनी गाडी सुरू केली. सून पुढे मास्तरांच्या शेजारी होती, तिला वाटलं सासूबाई मागे मुलापाशी आहेत. मुलगा मागे होता, त्याला वाटलं आई पुढे आहे. मान वळवून बघायचं तर एकमेकांकडे बघावं लागलं असतं. दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

सहलीतलं पुढचं ठिकाण तलाव. तिथे नावा आहेत, सरबताच्या गाड्या आहेत, फोटो काढायला लोखंडी सज्जा आहे. पाऊण तास जाऊन तिथे पोचल्यावर सून सरबताचे तीन पेले घेऊन नवऱ्याकडे आली. एक पेला तिनं पुढे केला, न बोलता. तिसरा हातात धरून ती इकडेतिकडे बघायला लागली.

“आई कुठायत?”

“तुझ्याजवळ होती ना?”

“माझ्याजवळ?”

पेला तिथेच पडला. त्यानंतरची पाच मिनिटं फार आवाज झाला. मुलगा पळीताईच्या अंगावर धावून आल्यासारखा आला. “माणसं मोजता ना तुम्ही? मोजता की नुसती ती पळी नाचवता?” सून मामांच्या खिडकीवर हात आपटत होती. मास्तर म्हणाले, “शांत व्हा, बाई अनुभवी आहेत,” आणि त्यामुळे आणखी भडका उडाला. जोडप्यातला मुलगा म्हणाला, आमची नाव राहिली, त्यावर त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

पळीताई म्हणाली, “चूक माझी आहे. त्या कोठारात आहेत. मी ठेवलं तिथेच. मामा, चला.”

तिच्या आवाजात काही फरक नव्हता. मुलाला तेच सहन झालं नाही. “तुमची स्वतःची आई असती तर असं बोलला असतात का?”

मामा आरशातून काहीतरी बोलणार होते. तिनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको अशी. बस वळली.

सून आता नवऱ्याशेजारी बसली होती आणि रडत होती, तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. पळीताई पायरीपाशी उभी होती, दांडा धरून. वीस वर्षांत पहिली ठेव विसरली, हे तिला कळत होतं. आपली बाटली तिथे आहे, हे आता आठवत होतं. घशाकडे तिनं लक्ष देऊन बघितलं. कोरडा होता. तो कधीपासून कोरडा होता, ते सांगता येत नव्हतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सगळ्यांना आत सोडलं नाही. दुपारी गर्दी होती आणि तिकिटं एकदाच चालतात. पळीताई एकटी आत गेली. बाजाररस्ता, स्नानगृह, शौचालय. ती पळत नव्हती, पण भराभर चालत होती. पळी खाली धरलेली होती.

आजी ओट्यावर होत्या. टोपी काढून बाजूला ठेवलेली, चपला काढलेल्या, पाय सरळ पसरलेले. त्यांनी वर बघितलं.

“आलात? तुमचं पाणी मी संपवलं हो.”

“आजी, चुकलं माझं. दुसऱ्या वाटेनं उतरलो आम्ही.”

“ते आलं लक्षात. मधे दुसरी एक टोळी येऊन गेली. त्यांच्या गाइडला म्हटलं, पळीवाल्या बाई दिसल्या का? तो म्हणाला, पळीताई ना, ती येणार म्हणजे येणार. बसून राहा.” आजींनी पाय जरा हलवले. “आधी घाबरले. मग म्हटलं, घाबरून करायचंय काय? कुठे जाता येत नाही, कुणाला हाक मारायची तर कुणी ओळखीचं नाही. मग बरं वाटायला लागलं.”

“बरं?”

“गोळी घेतली का, टोपी घातली का, लघवीला जायचंय का. सकाळपासून कुणी विचारलं नाही असे हे तीन तास. खरं सांगू का, चांगली सून आहे हो माझी. पण मेली श्वासाश्वासाला विचारते.”

पळीताई त्यांच्या शेजारी बसली. बसायचं ठरवून नाही. पाय थांबले म्हणून. बाहेर ऊन होतं आणि आत भिंतीचा गारवा पाठीला लागत होता. इतक्या वर्षांत ती या ओट्यावर कधी बसली नव्हती. ठेव ठेवणारे बसत नाहीत.

“पंख्याची गरज नाही इथे,” आजी म्हणाल्या. “तुमच्या घरी कोण कोण?”

“आई. ती दवाखान्यात आहे. मशीनवर.”

“बोलते का?”

“नाही. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणतात, येणार नाही.”

“मग थांबलेत कशासाठी?”

पळीताईनं पळी मांडीवर आडवी घेतली. “माझ्यासाठी,” ती म्हणाली. “मी हो म्हणायची म्हणून थांबलेत.”

आजींनी रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाल्या, “यात मी काही सांगू नये. मला माझ्या लेकाच्या घरी जेवण कधी करायचं तेसुद्धा ठरवता येत नाही.” त्या चपलांत पाय घालायला वाकल्या, जमेना, तेव्हा पळीताईनं खाली बसून चपला चढवल्या. “तीन तास ठीक होतं,” आजी वरून म्हणाल्या. “पण उन्हं त्या दारातून आत यायला लागली तेव्हा वाटलं, आता हिनं यावं बाई. न्यायचं तिथे न्यावं. बसवून ठेवून विसरू नये.”

हे त्या स्वतःबद्दलच बोलत होत्या. त्यांनी टोपी घातली आणि गाठ बांधायला हनुवटी वर केली. पळीताईनं ती सैल बांधली.

“एक करा,” उठताना आजी म्हणाल्या. “मी मजेत होते असं सुनेला सांगू नका. वाईट वाटेल तिला. रडत होते म्हणून सांगा.”

“जोरात की हळू?”

“मध्यम.”

बसपाशी सून पळत आली आणि आजींना मिठी मारून म्हणाली, “आई, गोळी?” मुलगा पुढे आला, थांबला, आईच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिला. पळीताईनं सांगितलं, “रडत होत्या. थोडंसंच.” सुनेला आणखी रडू आलं. आजींनी तिच्या खांद्यावरून पळीताईकडे बघितलं, गंभीर चेहऱ्यानं.

मुलानं फाटकाशेजारच्या ऑफिसात जाऊन तक्रार केली. ती करणं रास्तच होतं. ऑफिसातल्या साहेबानं पळीताईला बोलावून विचारलं, “खरंय?” ती म्हणाली, “खरंय.” साहेब तिला वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी विचारलं, “बरं नाही का तुम्हाला?” ती म्हणाली, “आहे.” मग म्हणाली, “माहीत नाही.” साहेबांनी तक्रार ठेवून घेतली आणि पंखा तिच्या बाजूला फिरवला.

बाहेर तिकीटखिडकीच्या भिंतीला नळ आहे. पर्यटक त्यावर हात धुतात. पळीताईनं बाटली तिथे भरली आणि उभ्याउभ्या तोंडाला लावली. मामा बसच्या दारातून बघत होते. तिनं अर्धी बाटली संपवली, पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं, ते तिनं पुसलं नाही. मग पळी काखेत धरून फोन लावला.

“हां, ताई.”

“हो म्हणून सांग त्यांना.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भाऊ म्हणाला, “नक्की?”

“नक्की. आपण दोघांनी सांगितलंय असं सांग. तू एकट्यानं नाही.”

“दोघांचं ठरलं की लगेच करतो म्हणाले होते. पण तू येईस्तोवर थांबतील. संध्याकाळी?”

संध्याकाळी पाच वाजता तिच्याकडे आणखी एक बस होती. मामांनी लांबूनच हातानं खूण केली, ती मी दुसऱ्या कुणाला तरी देतो अशी. तिनं ती बघितली.

“संध्याकाळी मी येते. बसू दोघं तिच्याजवळ. रात्रभर बसू,” ती म्हणाली. “पण मशीन उद्या सकाळी. दहा वाजता सांग. घाईनं नको.”

“उद्या तुझं काम?”

“उद्या नाही.”

“बरं.” भाऊ रडत होता की नाक ओढत होता, फोनवर कळत नव्हतं. “ताई, जेवलीस का?”

“नाही.”

“मग काहीतरी खाऊन ये. इथलं कँटीन म्हणजे आई उठून बसेल आणि शिव्या देईल, असं आहे.”

“ती पळी आणू का?”

तिनं हे का विचारलं ते तिलाही कळलं नाही. “आण,” तो म्हणाला. “फीत सोडून आण. ती फीत बघून तिला राग यायचा.”

तिनं फोन पिशवीत टाकला. फितीची गाठ उन्हापावसानं दगडासारखी झालेली होती. नखांनी सुटेना तेव्हा मामांनी डॅशबोर्डमधून कात्री दिली. फीत कापून झाल्यावर दांड्यावर तेवढ्या जागेत धातू नव्यासारखा चकचकीत निघाला. मामांनी तो बघितला. मग त्यांनी पुढचं दार उघडलं.

“बस पुढे. दवाखान्यावरून वळसा घेतो. मंडळींना सांगतो, रस्ता बंद आहे.”

“मोजू का?”

“मोज.”

तिनं मोजलं. प्रत्येक डोकं, पळीनं, सावकाश. आजींपाशी पळी जरा थांबली. “सत्तावीस,” ती म्हणाली.

मामांनी या वेळी काही म्हटलं नाही. बस निघाली.

उद्या सोमवार. सोमवारी अवशेष बंद असतात. फाटकावर तशी पाटी आहे. आत फक्त गवत कापणारे जातात. त्यांचं यंत्र आठ वाजता कोठारापासून सुरू होतं आणि दुपारपर्यंत बालेकिल्ल्यावर पोचतं.